उत्तरेच्या कोनाड्यातले प्रस्थान

मंगळवारी सकाळी स्नान करून मी अर्घ्य देत होतो. ओळखीचा नावाडी नाव बांधता बांधता, माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "पंडितजी, रेलवाले बाबूजी नहीं रहे. भोर में ही..." ओंजळीतले पाणी बोटांमधून तसेच गळून गेले. आदल्याच संध्याकाळी त्यांचे गाठोडे माझ्या घरी येऊन बसले होते आणि दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना कुमाऊंच्या पहाडाकडे निघायचे होते. यशवंतराव एकटेच पुढे गेले. या गोष्टीला आज सात आठवडे झाले.

ते रेल्वेत गार्ड होते. नोकरीनिमित्त साताऱ्याकडून काशीस आले आणि निवृत्तीनंतर राजा घाटाजवळच्या दोन खोल्यांत राहिले. मी दूधविनायकच्या गल्लीत जन्मलो, तेथल्याच पाठशाळेत शिकलो आणि पुढे तेथेच शिकवले. व्रतवैकल्यांत त्यांना फारसा रस नव्हता आणि मला गंगेपलीकडचे जग ठाऊक नव्हते. तरीही बावीस वर्षे आमची संध्याकाळ एकाच पायरीवर गेली. माझी पत्नी निवर्तल्यावर तर दिवसभरात मी मराठीत बोलावे असे तेवढेच एक माणूस उरले होते.

तरुणपणी काठगोदामपर्यंत गाडी घेऊन गेले असताना त्यांनी दूरवरून ते डोंगर पाहिले होते. गार्डाला गाडीबरोबर परतावेच लागते. ते राहून गेलेले चालणे त्यांनी म्हातारपणासाठी ठेवले होते. सातताल, भीमताल, नौकुचियाताल आणि मग चढत चढत मुक्तेश्वर... सात दिवस, सगळे पायी. चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यांनी वहीचा कागद माझ्यापुढे धरला. तो गाडीच्या वेळापत्रकासारखा आखलेला होता : आगमन, प्रस्थान, थांबा. "भीमताल, आगमन ११.२०. शास्त्रीबुवांचे स्नान व माध्याह्न संध्या. थांबा ४० मिनिटे." त्याखाली, "देवदारांचे वळण. थांबा १० मिनिटे. कारण : शास्त्रीबुवांना धाप."

"धाप मलाच लागणार, हे कशावरून?" मी विचारले.

"अहो, तुम्ही घाटाच्या पायऱ्या चढताना मोठ्याने स्तोत्र म्हणता ते भक्तीने नाही, दम लपवायला. मला काय कळत नाही?"

मी हसलो, पण होकार दिला नाही. पहिल्या वर्षी चातुर्मास होता. दुसऱ्या वर्षी कार्तिकस्नान सोडवेना. तिसऱ्या वर्षी मुहूर्तच शुद्ध मिळाला नाही. लोक माझ्याकडे मुहूर्त पाहायला येत आणि मी त्यांना वाट काढून देत असे. यशवंतरावांसाठी मात्र पंचांग उघडले की माझी दृष्टी नेमकी दोषांवरच जाई. खरे कारण त्यांनीच एकदा उच्चारले. "काशीबाहेर मरण येईल म्हणून भिता ना? शास्त्रीबुवा, काशीत मरायला अख्खा जन्म राखून ठेवलात. त्यातले आठ दिवस जगायला काढा की!" ते खरे होते.

या वर्षी फाल्गुनात त्यांनी मला न विचारताच दोघांची तिकिटे काढली, ती बुधवारची. बुधवारी उत्तरेस दिक्शूल, म्हणजे त्या दिशेचा प्रवास वर्ज्य. मी तसे म्हणताच ते शांतपणे म्हणाले, "मग प्रस्थान ठेवू. तुम्हीच शिकवलंय." निघण्याचा दिवस निषिद्ध असेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपले वस्त्र, सुपारी, हळकुंड आणि अक्षता बांधून ते गाठोडे जाण्याच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी ठेवायचे. ते ठेवले की माणूस निघाला असे समजतात. गाठोडे माघारी आणायचे नाही. जाताना उचलून पुढेच न्यायचे. त्यांच्या घरापासून माझे घर उत्तरेस. सोमवारी संध्याकाळी ते धापा टाकीत आले आणि आपल्या जुन्या गणवेशाच्या पांढऱ्या सदऱ्यात बांधलेले गाठोडे त्यांनी माझ्या उत्तरेकडच्या कोनाड्यात ठेवले. त्या धापेकडे मी लक्ष द्यायला हवे होते.

"माझी गाडी सुटली," ते म्हणाले. "तुमचं प्रस्थान कुठं ठेवलंय?"

"ठेवतो," मी म्हणालो.

दारातून ते वळून पाहत राहिले... आणि मग गेले. मी गाठोडे बांधले नव्हते. बांधणारही नव्हतो. उद्या सकाळी नकार कसा सांगावा, याची वाक्ये मी मनात जुळवीत होतो. ती वाक्ये सांगण्याची वेळ माझ्यावर आली नाही. हे त्यांच्या पत्नीलाही मी आजवर सांगितलेले नाही. येथेच प्रथम लिहितो आहे.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. "वहिनी, ते गाठोडे आणून देऊ का?" असे विचारले. त्या गहू निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "परत कसं आणणार? माघारी आणायचं नसतं, असं तुम्हीच सांगितलं होतं ना ह्यांना? आता तुमच्याकडे आहे, तर तुम्हीच पुढे न्या."

ज्या नियमाच्या आड मी इतकी वर्षे लपलो, तोच नियम त्यांनी माझ्या हाती दिला. त्यानंतर रोज संध्येला बसताना समोर ते गाठोडे दिसे. गणवेशाच्या बाहीची गाठ, वर एक पितळी गुंडी... पायरीवरची त्यांची जागाही मोकळीच असे. मराठीत उच्चारलेला एखादा शब्द माझा मलाच परका वाटे.

परवा मी पंचांग उघडले आणि दोष शोधला नाही. तिकीट पुन्हा बुधवारचेच मिळाले. काल सोमवारी माझे एक धोतर, सुपारी, हळकुंड आणि अक्षता बांधल्या आणि दोन्ही गाठोडी माझ्या घराच्या उत्तरेस, त्रिलोचन घाटाजवळ एका जुन्या शिष्याच्या घरी नेऊन ठेवली. त्याने विचारले, "गुरुजी, दो लोग जा रहे हैं?" मी होय म्हणालो.

आज मंगळवार. वेळापत्रकाचा कागद पंचांगात ठेवला आहे. त्यातला एकही थांबा मी गाळणार नाही, देवदारांच्या वळणावरचासुद्धा. कोनाडा आता रिकामा आहे. गाठोडे उचलताना सदऱ्यातून सांडलेले अक्षतांचे चार-सहा दाणे तेथे पडले आहेत. सकाळी झाडताना माझा हात तेथवर गेला, आणि मी तो मागे घेतला.