आप्पांची गावकी बुओना व्हिस्टात

आप्पांना सिंगापूर दाखवावं असं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात नव्हतं. हट्ट त्यांचाच होता. "मिलिंदशी समोरासमोर बोलायचंय," एवढंच ते म्हणाले. काय बोलायचंय ते मला ठाऊक होतं आणि मिलिंदला, तिथे राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावालाही. म्हणून तर तो दोन वर्षं फोनवर नेमक्या वेळी "आवाज तुटतोय आप्पा" म्हणत होता.

आमचं गाव चिपळूणजवळ, खाडीकाठी. तिथल्या बौद्धवाडीची गावकी म्हणजे लग्न, मयत, भांडणं, बुद्धपौर्णिमा सगळं बघणारी बैठक. तिचे अध्यक्ष आमचे वडील, आप्पा. त्यांच्या आधी त्यांचे वडील आणि त्याही आधी त्यांचे आजोबा. तेव्हा अध्यक्ष हा शब्द नव्हता, वाडीचा पहिला मान म्हणत. आता पंचाहत्तरी गाठलेल्या आप्पांनी तो मान मिलिंदच्या हाती द्यायचं मनाशी पक्कं केलं होतं. मिलिंदने मला आधीच सांगून टाकलं होतं, "ताई, मी नाही म्हणणार. पण त्यांना दुखावल्याशिवाय कसं म्हणू ते तू सांग." मी चिपळूणला शाळेत गणित शिकवते, पण याचं उत्तर मला येत नव्हतं. अडकित्त्यातली सुपारी होऊन मी ऑक्टोबरच्या सुट्टीत आप्पांबरोबर निघाले.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. चिपळूणहून रेल्वेने पनवेल, तिथून टॅक्सीने विमानतळ. विमान साडेपाच तासांचं. घड्याळ अडीच तास पुढे करायचं, म्हणजे सकाळी उतरलात तर अर्धी झोप कापली गेलेली असते. सोडे, कोकम, कुळथाचं पीठ असली ओझी वाहू नका. लिटल इंडियात सगळं मिळतं, फक्त डॉलरचे रुपये करून बघायचे नाहीत. मी बघितले आणि एक दिवस चहाच प्यायले नाही.

मिलिंद वन-नॉर्थ नावाच्या संशोधन वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत संशोधक आहे आणि राहतो जवळच्याच बुओना व्हिस्टा भागात, एका काँडोत, म्हणजे फ्लॅटच्या संकुलात. विमानतळावर त्याने आप्पांना वाकून नमस्कार केला आणि लगेच सामानाशी खेळू लागला. दोघांची नजरानजर होऊ नये अशी बॅगांची रचना त्याला चांगली जमली. त्या दिवसांत हवाही धुरकट होती. शेजारच्या इंडोनेशियात जंगलं पेटली की धूर थेट इकडे येतो, त्यामुळे या महिन्यांत जाणार असाल तर आधी चौकशी करा. आप्पांना मात्र तो वास आवडला. "भाजावळ केलीय जणू," म्हणाले. आमच्याकडे पेरणीआधी पालापाचोळा जाळून शेत भाजतात, तसा वास.

पहिले तीन दिवस बापलेकांनी बोलायचं टाळलं आणि आम्ही भरपूर फिरलो, याबद्दल मी दोघांची आभारी आहे. एमआरटी म्हणजे तिथल्या शहरी रेल्वेचं कार्ड काढा, तिकिटाच्या भानगडीत पडू नका. सरकत्या जिन्यावर आप्पा मधोमध उभे राहिले, तेव्हा मिलिंदची नऊ वर्षांची लेक रिया तिथल्या ढंगात हळूच म्हणाली, "आजोबा, कीप लेफ्ट लाह." आप्पा डावीकडे सरकले आणि मग दिवसभर सगळ्या चिनी म्हाताऱ्यांवर पाळत ठेवून होते, कोण नियम मोडतंय ते. जेवायला हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे पन्नास स्टॉल. तीन-चार डॉलरमध्ये पोटभर. माशाचं सूप आप्पांनी गंभीरपणे चाखलं. "मासा ताजा हाय. पण मसाल्यावाचून बिचारा उघडा पडलाय."

एका दुपारी बर्मी विहारात गेलो. आत पांढऱ्या संगमरवराची भलीमोठी बुद्धमूर्ती आहे, तिकीट नाही, चपला बाहेर. आप्पा खाली बसून त्रिशरण म्हणू लागले. शेजारी एक बर्मी आजोबा तेच म्हणत होते, उच्चार निराळे, ठेका तोच. संपल्यावर दोघांनी एकमेकांना हात जोडले. मला फार बरं वाटलं. आप्पाही बाहेर येऊन बराच वेळ खुशीत होते, आणि त्या खुशीतच ते मिलिंदला म्हणाले, "शनवारी तुझ्या लोकांसमोर बोलू आपण." मिलिंदने माझ्याकडे बघितलं. मी रियाला आइस्क्रीम घ्यायला घेऊन गेले.

शनिवार म्हणजे चौदा ऑक्टोबर. नागपूरच्या दीक्षेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि मिलिंदने त्याच्या काँडोचा हॉल घेतला होता. तीसेक माणसं असतील. आंग मो किओहून आलेले जाधवकाका, जे बोटीवर इंजिनियर आहेत. नागपूरची प्रज्ञा, नुकतीच संशोधनाला आलेली, सगळ्यांत लहान. बाकी कंपन्यांतले इंजिनियर, बायकामुलं. समोर टेबलावर बुद्धमूर्ती आणि निळ्या कोटातली तसबीर, मेणबत्त्या, ऑर्किडची फुलं, कारण झेंडू मिळाला नाही. दारात प्रत्येक जण "जय भीम" म्हणत होता आणि लिफ्टकडे चाललेल्या एका चिनी शेजारणीनेही हसून म्हटलं.

वंदना झाल्यावर आप्पांना बोलायला सांगितलं. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, ते खाली चटईवरच बसले. "आमच्या गावात दीक्षा नागपूरनंतर काही महिन्यांनी झाली," ते म्हणाले. "चळवळीची माणसं चालत यायची. पण आधी वाडीत कुणाच्या घरी जायची? माझ्या बापाच्या. कारण पहिला मान त्याचा. तो हो म्हणेपर्यंत वाडी हलायची नाय. तीन बैठका झाल्या, बाप गप्प. चौथ्या बैठकीत उठला, घरातले देव गाठोड्यात बांधले आणि खाडीची वाट धरली. मागून सगळी वाडी."

मला ही गोष्ट पाठ होती, तरी मी पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

आणि इथे आमच्या शिकल्यासवरल्या माणसांनी कमाल केली. दर महिन्याला वंदना सुरू करायची आणि त्यासाठी एक अध्यक्ष हवा, असा विषय निघाला. जाधवकाका उत्साहाने म्हणाले, "त्यात विचार काय करायचा? घराण्यातच आहे. आप्पांचा मिलिंद." टाळ्या पडल्या. मिलिंदचा चेहरा पडला. आप्पांचा फुलला.

"टाळ्या मागून," आप्पा मात्र म्हणाले. "आमच्या गावकीत धाकटा आधी बोलतो, अध्यक्ष शेवटी. नायतर धाकटा थोरल्याचं तोंड बघून बोलतो. पोरी, तू सांग."

प्रज्ञा जरा अवघडली, पण बोलली. "मिलिंददादा चांगलेच आहेत, आप्पा. पण ते तुमचा मुलगा आहेत म्हणून कशाला? ज्याच्या घरी वंदना, त्या महिन्याला तो अध्यक्ष, असं करू. आणि विचारू का, राग नका मानू. तुमच्या गावात तुमच्यानंतर कोण?"

आप्पांनी मिलिंदकडे बघितलं. "तू पण माझ्याहून धाकटा. बोल."

त्या क्षणी मला वाटलं, आता हा आवाज तुटल्याचं सांगणार. पण मिलिंद चटईवर थोडा पुढे सरकला. "आप्पा, मला नाही घ्यायचं ते. लांब राहतो म्हणून नाही. गावात राहत असतो तरी नाही. आजोबांच्या मागून वाडी गेली ती त्यांनी देव सोडले म्हणून, पहिला मान होता म्हणून नाही. तुमचा मुलगा असल्याचा मान मला हवाय, वाडीचा नको."

आप्पांनी चटईची दुमडलेली कड सरळ केली. ते म्हणाले, "शेवटचं बोलायचं माझ्याकडे आहे ना? मग ऐका. इथं या पोरीचं करा. आणि आमच्या वाडीत यंदा निवड घेऊ. कुणीही उभं राहावं." आणि पुढे, "मला वाईट वाटलं, हे पण सांगतो. लपवून काय करू."

मिलिंद उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. जेवणं झाली. छोले जरा खारट झाले होते, पण त्या दिवशी कुणी नावं ठेवली नाहीत. उरलेले चार दिवस बापलेक दोघेच फिरले, मला आणि रियाला दुकानं धुंडाळायला मोकळं सोडून. सहलीचं छोटं बेट, केबलकार, पक्षीउद्यान सगळं त्यांनी पाहिलं. तिथल्या खर्चाचं मला विचारू नका, दोघेही सांगत नाहीत.

घरी येऊन आता दोन महिने झाले. निवड झाली. दोघं उभी राहिली आणि अंगणवाडीच्या सुनंदाताई निवडून आल्या. आमच्या वाडीत पहिल्यांदाच बाई. पहिल्या बैठकीत आप्पांना सवयीने शेवटी बोलायचं होतं, पण शेवटचं बोलणं आता ताईंचं, म्हणून ते त्यांच्या आधी बोलले आणि एका तरुणाने त्यांना चक्क खोडून काढलं. घरी आल्यावर कुरकुरले, पण भाकरी नेहमीइतकीच खाल्ली. मिलिंद आता दर रविवारी स्वतःहून फोन करतो. अर्धा अर्धा तास. आवाज अगदी स्वच्छ येतो, आणि बोलणं असतं ते माशांच्या सुपाबद्दल. एवढ्यासाठी पासपोर्ट काढावा लागला, पण पैसे वसूल.

परवा बाजारात आप्पांना शेजारच्या गावचे एक जुने ओळखीचे भेटले. त्यांच्या कानावर गेलं होतं. हळहळून म्हणाले, "म्हणजे आता तुमच्या घरात मान कुणाकडेच नाही?"

"नाय," आप्पा म्हणाले. "घरात आता नुसती माणसं आहेत."