नाकाला विचारून

मक्याचं पोतं सोडलं की काकी त्यात कोपरापर्यंत हात घालायच्या, तळातली मूठ वर काढायच्या आणि डोळे मिटून हुंगायच्या. कुणी घाई केली तर म्हणायच्या, "थांब, नाकाला इचारते." नाक नाही म्हणालं की पोतं आल्या टेम्पोने परत. तुम्ही तिथे असतात तर तुम्हालाही त्या नाकाचा धाक वाटला असता.

तळा गावाच्या अलीकडे त्यांची अंड्याच्या कोंबड्यांची शेड होती. मी कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायची वनौषधी पावडर विकायचो. पहिल्याच भेटीत मी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. दमट हवेत मक्याला बुरशी येते, तिचं विष कोंबडीच्या यकृतात जातं, पेशींवर ताण येतो, त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, आणि आमची हळद, भुईआवळा तो ताण हलका करतात. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कोंबडीला कसला रं ताण? तिला काय मुंबईला कामाला जायचं हाय?"

तरी दोन डबे ठेवून घेतले. पुढे कायमच घेऊ लागल्या. खाद्य हाताने कालवून त्यांचे खांदे दुखायचे, म्हणून मीच शहाणपणा केला. मका गिरणीतच भरडून, पावडर मिसळून तयार पोती घरपोच यायची व्यवस्था लावून दिली. पहिलं पोतं हुंगून काकी म्हणाल्या की नुसती हळदच येते नाकात. मी हसलो. आमचा माल अस्सल आहे, म्हटलं.

त्या पावसाळ्यात अंडी घटली. मग कोंबड्या पंख पाडून बसू लागल्या आणि रोज मरू लागल्या. डॉक्टरांनी एक फाडून पाहिली. यकृत पिवळं पडलं होतं, बोटाने चुरत होतं. बुरशीचं विष, ते म्हणाले, आणि मला बाजूला घेऊन विचारलं की भरडण्याआधी मका कुणी पाहिला होता का. कुणीच नाही. कुबट वास माझ्या हळदीखाली दबला होता. पावडर ताण हलका करते, विष पुसून टाकत नाही, हे मला ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला मात्र मी ते कधी मोठ्याने सांगितलं नव्हतं.

काकी शेडच्या पायरीवर बसून त्याच खाद्याची मूठ पुन्हा पुन्हा हुंगत होत्या.

"मी इचारलं व्हतं रं. नाकानं हळदच सांगितली. म्हातारं झालं माझं नाक."

एक वाक्य पुरलं असतं. पण मला माझी नोकरी दिसत होती. मी म्हणालो, "वय होतंच, काकी."

त्यांनी उरलेल्या कोंबड्या विकल्या आणि पुन्हा पाळल्या नाहीत. पुढे त्या रेवदंड्याला मुलीकडे राहायला गेल्या. मी आज जाईन, उद्या जाईन करत राहिलो. गेलो तो त्यांच्या तेराव्याला.

मुलगी आईच्या आठवणी सांगत होती. शेवटची दोन वर्षं आईला कशाचाच भरवसा वाटत नव्हता, म्हणाली. सकाळी दुधाचं पातेलं घेऊन शेजारणीच्या दारात उभी राहायची. "जरा हुंगून सांग गो, नासलं न्हाय ना? माझं नाक गेलं."

मी मान हलवली आणि पुढ्यातला चहा पिऊन टाकला. ते एक वाक्य तेव्हाही माझ्या तोंडातून निघालं नाही.