आत्याने काढलेला लेसचा हातमोजा

आत्या गेली तेव्हा तिच्या निर्मळ गावातल्या घरातून मी एकच वस्तू मागून आणली: जुन्या कॅलेंडरांच्या पानांची गुंडाळी. बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती जेवणाच्या टेबलावर उलगडली, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि बघत बसले.

प्रत्येक पानाच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने काढलेला एक लेसचा हातमोजा. आमच्या चर्चमध्ये लग्न झालेल्या कितीतरी मुलींचे हातमोजे आत्यानेच क्रोशाने विणले. मुलगी यायची, कागदावर डावा हात पसरायची, आत्या त्याच्याभोवती पेन्सिल फिरवायची. मग त्या हातात जाळी भरायची, एकेक फूल, एकेक भोक. अनामिकेवर मात्र जाळी अर्ध्यातच थांबायची. वेदीपुढे अंगठी घालताना मोजा काढत बसायला नको. खाली नाव कधीच नसायचं. आत्याला लिहिता येत नव्हतं, ती हातावरून मुलगी ओळखायची.

माझ्या लग्नात मी हात दिला नाही. नुकती नोकरी लागलेली, डोक्यात हवा. "हातमोजे घालून काय भांडी घासायचीत मला?" असं चारचौघांत बोलले. सगळे हसले. आत्याही हसली. "नको तं नको, बाय," म्हणाली आणि सुई ठेवून चहा टाकायला उठली. पुढे तिने या विषयाचा चकार शब्द काढला नाही. एरवी भांडायला मी एका पायावर तयार, पण "तू रागावलीस का गं?" एवढं विचारायचं मला तीस वर्षांत जमलं नाही.

शेवटून तिसऱ्या पानावर मी थांबले. सगळ्यांत नाजूक काम तिथे होतं. बोटांवर मोगऱ्याच्या कळ्या, मनगटाला बारीक झालर, रेघ इतकी हलकी की कागद डोळ्यांजवळ न्यावा लागला. चूक एकच वाटली: करंगळी वाकडी होती. एवढी सरावलेली बाई, आणि करंगळी चुकली?

मग माझं लक्ष माझ्याच हाताकडे गेलं. सातवीत असताना सायकलच्या चेनमध्ये माझी करंगळी सापडली होती. आत्यानेच हळद लावून ती बांधली, आणि ती वाकडीच जुळली.

मी डावा हात कागदावर ठेवला. बोटं आता जाड झालीत, रेघेबाहेर जातात. करंगळी मात्र बरोबर बसली.

मी न दिलेला हात तिने आठवून काढला होता. रागावलेलं माणूस इतकी हलकी रेघ काढत नाही. अनामिकेवर अंगठीसाठी जागाही सोडली होती. मी टेबलावर डोकं टेकून रडले.