करूळ घाटात तापणारी गाडी

तर गाडी करूळ घाटातल्या तिसऱ्या वळणावर थांबली होती, इथवर काल आलो होतो. थांबली म्हणजे गाडीच्या मालकानं, केरबानंच थांबवली, चालवतोही तोच. तापमानाचा काटा लालात गेला की पुढं रेटायची नाही, ही त्याची रीत. मागं जांभ्याचे चिरे भरलेले, खाली वैभववाडी, वर गगनबावडा अजून बराच लांब. आणि केबिनमध्ये शेजारी नेमगोंडा आण्णा, मांडीवर फडकं घेऊन.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. आण्णा मूळचे कुरुंदवाडचे. चाळीस वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरात त्यांचं रेडिएटरचं दुकान. टाकी उघडायची, एकेका नळीतनं पट्टी सारून क्षार काढायचा, डाख द्यायचा, मग हवा भरून हौदात बुडवायचं आणि बुडबुडा कुठं निघतो ते बघत बसायचं. गाडीतलं पाणी दोन बोटांत चोळून सांगायचे, "हे बोअरचं. शिरोळकडचं. परत घातलंस तर माझ्या दारात येऊ नकोस." ड्रायव्हर ओशाळायचा, कारण ते तसंच असायचं.

केरबाच्या जुन्या दहाचाकीनं मात्र आण्णांना हात टेकायला लावले. नळ्या साफ. पंप नवा, टोपण नवं, फॅनचा पट्टा ताठ. पाणी तर गगनबावड्याच्या पावसाचं, पिंपात धरलेलं, त्यात मापानं कूलंट. सपाटीला गाडी मुकाट पळायची आणि घाटाला लागली की तापायची. तापून दोनदा इंजिनाचं हेड गॅस्केट गेलं, गॅरेजवाल्यानं हेड उतरवून ते बदललं. केरबाचा मुलगा राजवीर म्हणायचा, "आबा, गाडीत काय न्हाय. तुमचा पाय जड झालाय."

केरबानं ते मनाला लावून घेतलं. साठी उलटलेला माणूस, उभा जन्म स्टेअरिंगवर गेलेला. तो आण्णांना म्हणाला, "ही शेवटची खेप. तापली तर माझाच दोष. मग मी गाडीला हात लावत न्हाय, राजवीरनं खुशाल भंगारात घालावी."

म्हणून आण्णा स्वतः सोबत आले होते. घाट सुरू झाल्यापासून त्यांनी काट्याकडं कमी आणि केरबाच्या पायाकडं जास्त बघितलं. गिअर वेळेवर पडत होता. पेडल जितकं लागेल तितकंच दाबलं जात होतं. पाय कुठंच जड नव्हता.

ते खाली उतरले. इंजिन तसंच चालू ठेवायला सांगितलं. टोपणाला कुणी शिवलं नाही. आण्णांनी हाताची मागची बाजू जवळ नेत नेत एकेक नळी तपासली. रेडिएटरची वरची नळी तापलेली. खालची नुसती कोमट. आणि इंजिनाच्या तोंडाशी एक आखूड नळी असते, आडवाट म्हणा, तिच्याजवळ हात नेववेना.

आण्णा तिथंच कठड्यावर बसले. त्यांना उमगलं होतं. पाणी थंड व्हायला जातच नव्हतं. बरंचसं पाणी त्या आडवाटेनं फिरून परत इंजिनात शिरत होतं. ती वाट बंद करायचं काम थर्मोस्टॅटच्या वॉलचं. इंजिन तापलं की तो रेडिएटरची वाट उघडतो आणि आडवाट झाकतो. वॉलच नसला तर ती सताड उघडी.

वॉल नाही, हे बघायला आण्णांना झाकण उघडावं लागलं नाही. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच तो काढला होता. तेव्हा नाक्यावरचा मिस्त्री न् मिस्त्री तेच करायचा. आपल्या हवेला कशाला पाहिजे, ही थंड मुलखातली भानगड, असं सगळ्यांचं मत. गाडी आली की वॉल काढायचा, वर उपकार म्हणून, आणि मालकाला सांगायचंही नाही. आण्णांच्या बायकोनं, अक्काताईनं, एकदा विचारलंही होतं, "नको असलेली वस्तू कंपनी परत परत घालती कशाला?" आण्णा म्हणाले होते, "तू भाकरी बघ." त्या वेळी केरबाची गाडी इचलकरंजीला सुताची पोती न्यायची, रस्ता सपाट, म्हणून खपून गेलं. चिऱ्यांचं काम गेल्या तीन वर्षांतलं.

मुकाट्यानं नवा वॉल बसवला असता तर गाडी बरी झाली असती आणि चार माणसांत आण्णांचं कौतुकही झालं असतं. ते हाच विचार करत होते, तेवढ्यात केरबा शेजारी येऊन उभा राहिला.

"सांगा आण्णा. पायच न्हवं?"

"पाय चांगला हाय तुजा. आत वॉल न्हाय, म्हणून तापतीया."

केरबानं कठड्यावर हात टेकला. त्याच्या आवाजात जोर आला. "म्हंजी त्या गॅरेजवाल्यानं काढला. दोन बारीला हेड त्यानंच उतरवलंय. उद्या जातो आन् गचांडी धरतो त्याची."

आण्णांनी फडक्याला हात पुसले. पुसण्यासारखं काही नव्हतं.

"त्याची कशाला, माझी धर. वॉल मी काढलाय, बारा वर्सांमागं, तुला इचारलं न्हाय की सांगितलं न्हाय. आता गार होऊ दे तिला, मग सावकाश वर घे, आन् तुझ्या पोराला हे सांगायला मी सोता येतो."