वंदनाच्या नावावरच्या म्हशी

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा मी हातकणंगल्याजवळच्या एका गोठ्यात म्हशीच्या कानातला बिल्ला वाचत होते. तिचे मिस्टर बोलले, मी ‘बरं’ म्हटलं आणि बिल्ल्यावरचा नंबर मोबाईलमध्ये भरून घेतला. नंबर बरोबर भरला होता... त्या दिवशीचं एवढंच नीट आठवतं. आता महिना होऊन गेला. लोक म्हणतात, रडून घे. रडू येत नाही, त्याला मी काय करू?

शाहूपुरीत आमचं दोघींचं छोटं ऑफिस. दूध संस्थांसाठी जनावरांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. करायचो. म्हशीची ओळख म्हणजे तिच्या बिल्ल्याचा नंबर, असं सुरुवातीला आम्ही सरळ धरून चाललो होतो. पण म्हैस खांबाला कान घासते, बिल्ला तुटतो, नवा नंबर मिळतो. असा एकदा नंबर बदलला आणि तिची रेडी, लसी, दूध सगळं जुन्या नंबरापाशीच अडकून राहिलं. मालक थेट ऑफिसात येऊन गरजला, “म्हस दारात रवंथ करत्या आन् तुमचा कंप्युटर म्हणतोय, रेडीला आईच न्हाय!” मी हसले. वंदना हसली नाही. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी म्हणाली, “तू जा जेवायला. मी हे नीट करूनच उठतो.” तिने ते असं केलं, की म्हशीचा नंबर एका जागी बदलला की तिच्याशी जोडलेल्या प्रत्येक नोंदीत तो आपोआप बदलायचा. एक जरी नोंद अडली, तर कुठेच बदलायचा नाही. प्रत्येक नोंदीखाली ती करणाऱ्याचं नाव असतं, त्या नावांनाही तिने हाच नियम लावून टाकला.

गेल्या आठवड्यात संस्थेच्या सचिवांचा फोन आला. “ताई, मॅडमचं नाव हाय तितं तुमचं घाला की. कामं खोळंबल्यात.” मी तिचं नाव खोडलं, माझं लिहिलं. आता फक्त एक बटण... आणि मग लक्षात आलं, हे दाबलं की तिने नोंदवलेलं एकूण एक जनावर माझ्या नावावर येणार. वंदनाचं नाव कुठेही उरणार नाही, आणि तेही तिच्याच हुशारीने. मला तिचा भयंकर राग आला. महिनाभरात काही वाटलं असेल तर ते एवढंच. बदल न साठवता मी ते पान बंद केलं आणि तिच्या नावाखाली माझ्या नावाची वेगळी ओळ घातली.

परवा वारणेकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. रेडीच्या जन्माची तारीख चुकली आहे म्हणाला. मी नोंद उघडली.

“कुणी केलीया ती?”

“वंदना मॅडमनी.”

“मग त्यास्नी द्या की फोन.”

“त्या नाहीत.”

“कवा येत्यात?”

“वारली ती,” मी म्हटलं. हे मी अजून कुणालाच म्हटलं नव्हतं. मग तो हळू आवाजात म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मग... तारीख हाय तशीच ऱ्हाऊ द्या.”