वैटुपूच्या सुलुफाइगाचा ठिपका

शेवटचं पत्र तुम्ही कधी पाठवलंत? लिहिलंत कधी, ते नाही विचारत. पाठवलंत कधी?

प्रश्न टोचला तर टोचू दे. दूर महासागरातल्या वैटुपू बेटावरच्या सुलुफाइगाला तो वर्षभर टोचत होता.

ती चटया विणणारी बाई. नवरा तविता परदेशी मालवाहू जहाजावर खलाशी. गावच्या सभाघरात कुणीतरी दान दिलेला कॉम्प्युटर होता, पण पत्रं पाठवायचा त्यातला प्रोग्राम बंद पडलेला; आलेली तेवढी दिसत. राजधानी फुनाफुटीहून साहेब आला, हातानं काहीबाही टाइप करून त्यानं लाइन तपासली आणि म्हणाला, "नवा प्रोग्राम येईपर्यंत थांबा. हे बायकांचं काम नाही."

थांबते कसली! त्याच्या पाठीशी उभं राहून तिनं त्याची बोटं पाठ केली होती. प्रोग्राम आतल्या आत जे बोलतो, तेच माणसानं टाइप केलं तरी पलीकडच्या सर्व्हरला चालतं, एवढं तिला पुरलं.

आधी सर्व्हर बोलतो: २२०, म्हणजे बोला, ऐकतोय. आपण नाव सांगायचं. तो म्हणतो २५०, ठीक. पत्र कुणाचं? ठीक. कुणाला? ठीक. मग येतं ३५४: आता लिही, आणि संपलं की एका ओळीत नुसता ठिपका दे. ठिपका मिळाला की पुन्हा २५०. पत्र त्यानं पदरात घेतलं. ठिपका नाही मिळाला तर तो मुकाट वाट बघतो. दहा मिनिटं काहीच आलं नाही की लाइन तोडतो आणि तोवरचं सगळं टाकून देतो.

एका बुधवारी तविताचं पत्र आलं. करार संपतोय, शुक्रवारी जहाज बंदरातून सुटेल. "घरी येऊ की आणखी वर्षभराची सही करू? तुम्ही सांगाल तसं. काहीच कळवलं नाहीत तर सही करतो."

गुरुवारी सकाळी वीज आली तशी सुलुफाइगा बसली. शेजारी सासू मेलेता आणि नणंद लोसा. ३५४ आलं. तिनं लिहिलं, "घरी ये," आणि बोट ठिपक्याकडे गेलं.

"हात मागे घे!" मेलेता कडाडली. "दोन शब्द? कुत्र्याला हाकतेस की माझ्या लेकाला बोलावतेस?"

"आई, वीज जाईल हो."

"जाऊ दे. लोसा, तू सांग काय लिहायचं ते."

"लिही, वहिनी वाळून काटकी झाली."

"खोटं नका सांगू, ताई."

"मग लिही, भोपळा झाली. घाबरून तरी येईल!"

तिघी हसल्या. पुलाकाचे कंद लावलेल्या खड्ड्यात पाणी आलं, पोराचे पुढचे दात पडले, सगळं लिहून झालं. उरला निरोपाचा शब्द. मेलेताच्या घरचा रिवाज असा, की समुद्रावरच्या माणसाला निरोपाचा शेवटचा शब्द घरातल्या थोरल्या बाईनंच द्यायचा. तिच्याआधी कुणी पत्र संपवायचं नाही.

मेलेतानं डोळे मिटले. तिचा नवरा असाच समुद्रावर गेला होता. निरोपाचा शब्द ती बोलली होती आणि तो परतला नव्हता. ओठ हलले, शब्द फुटेना. सुलुफाइगाचं बोट ठिपक्यावर टेकलेलं, पण दाबवेना. सासूच्या तोंडातला निरोप कसा तोडायचा?

दहा मिनिटं अशीच सरली आणि पडद्यावर ओळ आली: लाइन बंद.

"आई! फेकलं त्यानं सगळं!"

"परत लिही ना," मेलेता पुटपुटली. तेवढ्यात वीज गेली. ती यायची एकदम शनिवारी.

शनिवारी तविताचं पत्र होतं. "तुमचा शब्द आला नाही. मी बाहेरच राहावं असं तुम्हाला वाटतंय, असं समजलो. सही केली."

लिहिली की हो तिनं लगेच पत्रं, ठिपक्यासकट. सही काय पत्रानं पुसते? वर्षभर ती त्याची चटई उन्हात घालत राहिली आणि गुंडाळून कोपऱ्यात उभी करत राहिली. ज्या बाईला सर्व्हरशी बोलता येत होतं, तिला दोन शब्द नवऱ्यापर्यंत पोचवता आले नाहीत. गावातल्या बायकांनाही तिनं हे बोलणं शिकवलं आणि पहिल्याच दिवशी दरडावून सांगितलं, "आधी ठिपका. रडायचं ते नंतर."

वर्ष सरलं. तविताचा तोच प्रश्न परत आला. सुलुफाइगानं लिहिलं, "घरी ये," आणि सासूकडे पाहिलं.

"बघतेस काय?" मेलेता म्हणाली. "दे ठिपका."

"आणि निरोप, आई?"

"येणाऱ्याला कसला निरोप देतेस?"

ठिपका. २५०. तिघी त्या आकड्याकडे बघत बसल्या, जणू त्यातूनच तविता उतरून येणार होता.

त्याचं उत्तर अजून यायचंय. चटई उन्हात आहे.

आणि तुम्ही? तुमच्याकडेही एखादं पत्र उघडं पडलं असेल, शेवटच्या शब्दासाठी अडलेलं. पलीकडचा माणूस मुकाट वाट बघतोय. तो आठवण करून देणार नाही. आज, आत्ता, ठिपका द्या.