काशाची वाटी

वऱ्हाड मुंबई राज्यात गेला आणि आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं, त्या सुमारास बाबांची झोप उडाली. ते गावातल्या शनवारा भागातल्या मराठी शाळेत मास्तर होते. यापुढे वर्ग हिंदीतून घ्यावे लागणार, असं बोललं जात होतं. ज्याला ते नको, त्याला वऱ्हाडात बदली मागता येत होती. भुकेला कोंडा अन् निजेला धोंडा म्हणतात. आमच्याकडे चांगली जाड गादी होती आणि बाबा तिच्यावर नुसते पडून राहायचे. दुपारी वर्गात पेंगायचे, पोरं हसली की दचकायचे, आणि आज तरी झोप लागेल का, या धास्तीत संध्याकाळ काढायचे. मग ती कशाला लागते?

आईचा काशाच्या वाटीवर फार भरवसा. जेवणं झाली की ती बाबांच्या तळपायांना तूप लावून वाटीनं घासायला बसायची. घासता घासता तूप काळं होतं. ती अंगातली उष्णता, असं आमच्याकडे सगळेच मानतात. आईच्या मते ती बाबांची काळजीच होती. काशावर तूप घासलं की ते काळं होतंच, पाय कुणाचेही असोत. पण हे तिला कोण सांगणार? घासताना कुणी बोलायचं नाही, हा तिचा नियम. बोललं की आलेली झोप माघारी जाते म्हणे.

एकदा काळं फारच निघालं, तेव्हा तिनंच तो नियम मोडला.

"अहो, तिकडं जायच्या धाकानं झोप गेली तुमची. नका जाऊ. इथंच राहू."

बाबांनी मान डोलावली. बदली मागायची राहिली.

पुढे ते हिंदीतून शिकवू लागले. सकाळी परसात उभे राहून धडा मोठ्यानं वाचायचे, तरी वर्गात अडायचे आणि पोरं त्यांना शब्द पुरवायची. झोप काही आली नाही. आई म्हणायची, जुनी काळजी आहे, निघायला वेळ लागतो. मला तेव्हा तिचं हसू यायचं.

आई गेल्यावर वाटी माझ्याकडे आली. बाबा तोवर निवृत्त झाले होते. एका संध्याकाळी मी त्यांचे पाय घासत होते, आईच्याच सवयीनं गप्प. तेच बोलले.

"मले जायचं होतं. राहायच्या धाकानं झोप गेली होती."

मग आईला तसं का नाही सांगितलं, मी विचारलं.

"ती पायाशी बसली होती, बाई. इतक्या मायेनं घासत होती. तिले कसं म्हणू, की तुझं चुकलं?"

मला आईचा राग आला नाही. दोघांचंही फार वाईट वाटलं. मी दुसरा पाय घेतला. तो घासून होईपर्यंत बाबा घोरायला लागले होते. तूप नेहमीसारखंच काळं निघालं होतं.